लाल शाईतलं शून्य

अष्टमी, रोहा
१४ जून १९९८

मृणाली,

पत्राच्या सुरुवातीला आशीर्वाद लिहायची रीत आहे. आज ते शेवटी लिहीन, तोवर राग उतरला तर.

काल पूल ओलांडून रोह्यात गेलो होतो. बाजारपेठेतल्या कॉम्प्युटर क्लासच्या दारावर एक कागद चिकटवलेला दिसला. ‘नववीचं गणित, घरच्या घरी. लेखक दिनानाथ मोकल. आता फ्लॉपीवर. कोरी फ्लॉपी आपली आणावी. पुस्तक भरून मिळेल. रु. ४०. संपर्क : सौ. मृणाली, पेण.’ चष्मा पुसून परत वाचलं. चाळीसच होते.

माझं पुस्तक शेवटचं छापलं तेव्हा त्याची किंमत चाळीस होती. त्यात कागद होता, शाई होती, शिलाई होती, छापखान्यातल्या चार माणसांचा पगार होता आणि रोह्याहून पेणला एस.टी.ने गठ्ठे पाठवायचं भाडं होतं. तुझ्या चाळिसात काय आहे? फ्लॉपीसुद्धा गिऱ्हाइकाचीच.

छापखाना बंद पडला, अक्षरांचे खिळे किलोवर विकले गेले, माझ्याकडची शेवटची प्रत वाळवीने खाल्ली, म्हणून तू म्हणालीस की काका, मी कॉम्प्युटरवर घालते. मी हो म्हणालो. घालायला हो म्हणालो होतो, किंमत लावायला नाही.

तुला माझ्या पुस्तकाचं शेवटचं पान आठवतं का? नसेल आठवत, म्हणून लिहितो. त्या पानावर चार ओळी आखलेल्या असत. पहिला हात, पूर्ण किंमत. दुसरा हात, निम्मी. तिसरा हात, पाव. चौथा हात, फुकट. ज्याच्याकडे पुस्तक जाईल त्याने नाव, गाव, साल लिहायचं. ज्या पोराकडे चाळीस नाहीत त्याला वीसला मिळे, ज्याच्याकडे वीस नाहीत त्याला दहाला आणि ज्याच्याकडे काहीच नाही तोही अडत नसे. नववी संपली की पुस्तक विकून आलेल्या पैशांत दहावीचं जुनं पुस्तक घ्यायचं. वीस वर्षं ही शिडी मी सांभाळली. तळाला एक कडक अट होती, ‘पुस्तकात लिहिलेलं आढळल्यास किंमत शून्य.’ एप्रिलमध्ये मी स्वतः वर्गात बसून एकेक पुस्तक उलटून बघत असे. ज्याने गिरगोट्या केल्या त्याच्या पुस्तकावर लाल शाईने शून्य टाकायला माझा हात कधी कचरला नाही. पुढच्या पोराचा हक्क खराब करणाऱ्याला दया कसली?

तुझ्या फ्लॉपीला दुसरा हात आहे का? तिसरा, चौथा? ज्या वस्तूला दुसरा हातच नाही तिची पहिल्याकडून पुरती किंमत घेणं याला मी लुबाडणूक म्हणतो. तो कागद काढ. फुकट दे, नाहीतर देऊच नकोस.

क्लासवाल्याने दहा मिनिटं पडद्यावर पुस्तक दाखवलं. टायपिंग बरं आहे. सत्तेचाळिसाव्या पानावर नळ आणि टाकीचं गणित आहे ना, एक नळ चार तासांत टाकी भरतो आणि दुसरा सहा तासांत रिकामी करतो ते. तिथे टाकी बारा हंड्यांची धरायची युक्ती वाचून माझा मलाच अचंबा वाटला. तासाला तीन हंडे आले, दोन गेले, एक उरला, म्हणजे बारा तास. ‘क्ष’ नको की समीकरण नको. हे मी लिहिलंय हेच विसरून गेलो होतो. तेव्हा डोकं बरं चालायचं म्हणायचं.

राग उतरलेला नाही. आशीर्वाद पुढच्या पत्रात.

दिनानाथकाका


पेण
२० जून १९९८

ती. काकांस,

आशीर्वाद नाहीत तर नाहीत, माझा नमस्कार घ्या. रीत मोडायला मला तुमच्याएवढं वय लागेल.

कागद काढणार नाही.

तुम्ही कागद, शाई, शिलाई, एस.टी.चं भाडं सगळं मोजलंत. सात महिने माझे डोळे गेले, ते कुठल्या रकान्यात धरलेत? काका, कॉम्प्युटरवर मराठी टाइप करणं म्हणजे फळ्यावर खडूने लिहिणं नव्हे. एका अपूर्णांकाला वरचा आकडा वेगळा, रेघ वेगळी, खालचा आकडा वेगळा. एक जागा सोडली की रेघ दुसऱ्याच गणिताखाली जाते. तुमच्या पुस्तकात अपूर्णांक किती आहेत ते तुम्ही मोजले नसतील. मी मोजलेत, सोळाशे चौदा. माझा कॉम्प्युटर क्लास सुटल्यावर, स्वयंपाक आटोपून, वीज असेल तेवढा वेळ मी हेच करत होते. घरी प्रविण म्हणायचे, तुझ्या काकांनी भूमितीचं पुस्तक लिहिलं नाही हे नशीब.

दळण आपण घरचं नेतो, तरी गिरणीवाल्याला दळायचे पैसे देतोच ना? ‘गहू माझे, मग पैसे कसले’ असं कुणी त्याला विचारत नाही. पण घरातल्या मुलीने दळलं की ते फुकटच असतं.

आणि दुसऱ्या हाताचं म्हणाल तर इथे उलटाच प्रकार आहे. अकरा जणांनी पैसे देऊन फ्लॉपी भरून नेली. महिन्याभरात पेणमध्ये निदान साठ घरांत हे पुस्तक आहे, ज्यांच्याकडे कॉम्प्युटर नाही ते क्लासमध्ये फ्लॉपी घालून वाचतात. एकाने घेतलं की पाच जण त्याच्याकडून उतरवून घेतात, त्याला पाच मिनिटं लागतात. तुमच्या शिडीत चौथ्याला फुकट मिळायचं, माझ्याकडे दुसऱ्यालाच मिळतंय. मग पहिल्याकडून चाळीस घेतले तर मी कुणाला लुबाडलं? उलट जो सरळ येऊन पैसे देतो तो मूर्ख ठरतोय, आणि मी त्याहून मोठी मूर्ख.

पाच शाळांना नवे कॉम्प्युटर मिळालेत. मुख्याध्यापकांना मीच एकेक फ्लॉपी भरून पाठवतेय. तिथे एका फ्लॉपीवर अख्खा वर्ग शिकेल. तुम्ही आता मध्ये पाय घालू नका, एवढंच मागते.

सत्तेचाळिसाव्या पानाबद्दल वाचलं. त्यावर काही लिहीत नाही.

मृणाली


अष्टमी
२८ जून १९९८

मृणाली,

पत्र तुझ्या काकूला वाचून दाखवलं. ती म्हणाली, पोरगी खरं तेच बोलतेय. त्यामुळे दोन दिवस जेवण मुकाट्याने चाललं आहे.

तुझे कष्ट मी नाकारत नाही. पण उतरवून काढणं वेगळं आणि सुचणं वेगळं. गिरणीचा दाखला दिलास. दाणा पिकवणारा तर मी आहे ना? मी एक पैसा मागत नाही, मग दळणाऱ्याने चाळीस का मागावेत? सोळाशे चौदा रेघा कुणीही मारील. बारा हंड्यांची युक्ती कुणालाही सुचत नाही. ती फळ्यापुढे पंचवीस वर्षं उभं राहिल्यावर सुचते. किंमत असलीच तर तिला आहे, आणि ती मी पोरांना कधीचीच देऊन टाकली आहे.

साठ घरांत पुस्तक गेलं म्हणून तू रडतेस. मी असतो तर पेढे वाटले असते. हाच आपल्यातला फरक.

त्या पाचही मुख्याध्यापकांना मी काल पत्रं टाकली. लेखक या नात्याने कळवलं की फ्लॉपीचे पैसे देऊ नयेत, कारण हा व्यवहार मला मान्य नाही. तिघे माझे विद्यार्थी आहेत. माझा शब्द ते मोडणार नाहीत.

तू पाय घालू नकोस म्हणालीस, म्हणून घातला. आमच्या घराण्याची खोडच आहे, तुझ्यातही आहे.

काका


पेण
५ जुलै १९९८

काका,

दोन शाळांनी फ्लॉप्या परत पाठवल्या. एका मुख्याध्यापकांनी सोबत चिठ्ठी जोडली आहे. ‘सरांची नाराजी नको.’ तुमचा शब्द खरोखरच मोठा आहे. आता माझा ऐका.

तुम्ही सांगितलं होतं की पेणच्या तुमच्या जुन्या शाळेतून चांगली प्रत आण आणि तिच्यावरून टाइप कर. शाळेच्या प्रतीतली वीस पानं गायब होती. मी पोपटशेठच्या रद्दीच्या दुकानात तीन दुपारी उकिडवी बसून गठ्ठे उपसले आणि एक प्रत मिळवली. तीन रुपयांना. पहिल्या आवृत्तीची, आठ रुपये किमतीची. पानं पूर्ण होती, पण त्यात पेन्सिलीने लिहिलेलं होतं. हे तुम्हाला सांगितलं नाही. लिहिलेल्या पुस्तकाचं नाव काढलं की तुमचं काय होतं ते मी लहानपणापासून पाहत आलेय. तेवढी माझी लपवाछपवी, ती कबूल.

अक्षर बारीक आणि नीट होतं. समासात जिथे तुमची रीत अवघड आहे तिथे सोपी रीत लिहिली होती. मला वाटलं, दुसऱ्या आवृत्तीसाठी तुम्हीच कुणाकडून तरी दुरुस्त्या लिहवून घेतल्या असतील. म्हणून त्या मी मजकुरात घेतल्या. मोजून एकोणीस जागा.

तुमच्या पत्रात हंड्यांचं कौतुक वाचलं आणि पुस्तक परत काढलं. काका, सत्तेचाळिसाव्या पानावर छापलंय ते फक्त क्ष भागिले चार, वजा क्ष भागिले सहा, बरोबर एक. बारा हंडे पेन्सिलीत आहेत.

मग शेवटचं पान उघडलं. पहिला हात, आदेश पाटील, वढाव, १९७८. दुसरा हात, मालू गुणाजी ठाकूर, गडब, १९७९. तिसरी ओळ कोरी. चौथी कोरी. आणि आडवं, लाल शाईत, तुमच्या अक्षरात : ‘पुस्तकाची माती केली. किंमत शून्य. दि. मोकल.’

समासातलं अक्षर आदेशचं नाही. त्याचं नाव शाईत आहे आणि अक्षर गिचमीड. मालूच्या नावाचं ‘म’ आणि ‘मग उरला एक हंडा’ मधलं ‘म’ एकच आहे.

सुचायला पंचवीस वर्षं फळ्यापुढे उभं राहावं लागतं म्हणालात. ही नववीत होती.

मी उतरवून काढणारी बाई आहे, मला सुचत नाही. तेव्हा तुम्हीच सांगा, त्या प्रतीची किंमत काय? नव्याचे आठ, जुन्याचे चार, रद्दीत तीन की तुमचं शून्य? ज्या पुस्तकावर तुम्ही शून्य टाकलं त्याच पुस्तकाची तुम्ही पडद्यावर वाहवा केलीत, आणि तीही स्वतःची समजून.

मृणाली


पेण
९ ऑगस्ट १९९८

ती. काकांस,

महिना झाला, तुमचं उत्तर नाही. काकूला शेजाऱ्यांच्या फोनवर विचारलं तर म्हणाली, जेवतात, चालायला जातात, कुणाशी बोलत नाहीत. दोनदा एस.टी.ने कुठेतरी गेले आणि सांगितलं नाही.

गणपती पंधरा दिवसांवर आलेत. इथे गल्लीत मूर्तींचे पाट वाळत घालायला जागा नाही. क्लासला येणारी निम्मी पोरं रंगकामाला गेलीत. दरवर्षी या दिवसांत तुमचं पत्र येतं, मूर्ती किती इंची आणि शाडूचीच हवी वगैरे.

माझं पत्र कडक होतं. त्यातला एकही शब्द मागे घेत नाही. पण उत्तर द्या. भांडायचं असेल तर भांडा. गप्प बसून मला गुन्हेगार करू नका.

मृणाली


अष्टमी
१३ सप्टेंबर १९९८

चि. मृणाली,

अनेक आशीर्वाद. जूनपासूनचे सगळे एकदम घे.

तुझं जुलैचं पत्र आलं तेव्हा पहिले आठ दिवस तुझाच राग आला. मग आठ दिवस त्या मुलीचा, की हिने लिहिलंच का. पुढे रागवायला माणूस उरला नाही.

गडबला दोनदा गेलो. पहिल्यांदा फाट्यावर उतरलो, उभा राहिलो आणि येणाऱ्या गाडीने परत आलो. दुसऱ्यांदा विचारलं. मालूचं लग्न गावातच झालं आहे. हायवेला तिचं दुकान आहे, चहा, पापड, पोहे. चार ट्रकवाले एकदम उठले तेव्हा तिने कागद न घेता चौघांचा हिशेब तोंडी सांगितला. मला चेहरा आठवेना. तिला माझा आठवला. ‘मोकल सर ना तुमी?’ म्हणाली आणि बसायला सांगितलं नाही.

मी उभ्यानेच सगळं बोललो. फ्लॉपी, तू, पेन्सिल, सत्तेचाळीस पान. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, “सर, मी चार रुपयाला घेतलेला पुस्तक. दोन रुपयाला जायाचा होता, त्यात दोन घालून दहावीचा घेणार होतू. तुमी शून्य टाकलाव. सगल्या वर्गात पुस्तक वर धरून दाखवलाव. मंग कोन घेनार? बापानं सांगितला, येका पुस्तकाची माती केलीस, दुसरा मिलनार नाय. गनिताच्या पुस्तकाबिगर बसलू दहावीला. येकतीस पडले.”

मृणाली, पासाला पस्तीस लागत.

मी म्हणालो, तेव्हा मी वाचून बघायला हवं होतं. ती म्हणाली, “वाचलाव नाय, मोजलाव. किती पानांवर लिवलाय ता मोजलाव.” खरं आहे. वीस वर्षं मी एप्रिलमध्ये पुस्तकं उलटत होतो आणि एकाही समासात काय लिहिलंय ते वाचलं नाही. किती पुस्तकांवर शून्य टाकलं ते आठवत नाही. ही शिडी मी पोरांसाठी बांधली असं सांगत आलो. पण तिच्या पायाशी मीच दांडका घेऊन बसलो होतो. मी चुकलो. तुझ्याबाबतीतही चुकलो. सुचणं आणि उतरवणं यावर तुला जे ऐकवलं ते मला शोभलं नाही.

मग तिने आपल्या भांडणाचं विचारलं. मी दोन्ही बाजू सांगितल्या, तुझी थोडी कमी सांगितली असेल. चहा गाळता गाळता तिने निकाल लावला. “सर, टाकी चार हातांची धरा. पयल्यानं चालीस दिले, ईस परत आले, म्हंजे त्याचे गेले ईस. दुसऱ्यानं ईस दिले, दहा आले, गेले दहा. तिसऱ्याचे गेले दहा. चौथ्याचा काय नाय. झाले चालीस. चार पोरांत वाटा, दहा.”

मी फळ्यापुढे एवढी वर्षं उभा राहिलो आणि हे कधी मांडून पाहिलं नाही. तू चाळीस म्हणत होतीस, मी शून्य म्हणत होतो. पुस्तकाला नवंजुनं होता येत नसेल तर प्रत्येकाकडून चौथा हिस्सा घ्यावा. दहा रुपये. उतरवून घेण्याच्या खटपटीपेक्षा दहा देणं सोपं, असंही ती म्हणाली. दुकान चालवते, तिला कळतं. ते दहा सगळे तुझे. पाचही मुख्याध्यापकांना पुन्हा पत्रं टाकली आहेत की मागचं पत्र ही माझी चूक होती.

सत्तेचाळिसाव्या पानावर आणि बाकीच्या अठरा जागी तिचं नाव घाल. मालू गुणाजी ठाकूर, गडब. तिची परवानगी मागितली तेव्हा म्हणाली, “घाला. पर माफी मागतलीत म्हून नाय. माजा हाय म्हून.”

निघताना तिने गल्ल्यातून चाळीस रुपये काढून माझ्यापुढे ठेवले. मला वाटलं, फ्लॉपी हवी असेल. ती म्हणाली, “माजा पुस्तक मना इकत पायजे. तुमी त्याची किंमत शून्य लावलीत, मी नव्याची लावते.” नको म्हणायची माझी छाती झाली नाही. ते चाळीस या पाकिटात आहेत. रद्दीतून तू काढलंस, पैसे तुझे. पुस्तक तिला पोचतं कर. पोस्टाने नको, हाताने.

तुझा काका


पेण
२० सप्टेंबर १९९८

ती. काकांस, साष्टांग नमस्कार.

दहा रुपये मला अजून कमीच वाटतात. सोळाशे चौदा अपूर्णांक डोळ्यांपुढून हलत नाहीत. पण मालूबाईंच्या मांडणीत चूक सापडत नाही, म्हणून क्लासांच्या दारांवरचे कागद बदलले. या आठवड्यात सव्वीस जण आले. त्यातले नऊ जण जूनमध्ये फुकट उतरवून घेतलेले होते, तेही दहा देऊन गेले. परत आलेल्या दोन फ्लॉप्या शाळांनी पुन्हा मागवल्या.

काल गडबला जाऊन आले. मला त्यांनी बसायला सांगितलं, चहा दिला, पैसे घेतले नाहीत. पुस्तक हातात घेतल्यावर आधी सत्तेचाळीस पान उघडलं आणि बराच वेळ वाचत राहिल्या. त्यांची दिशा यंदा नववीत आहे. शाळेतून आली तशी दप्तरासकट बाकावर येऊन बसली. मालूबाईंनी शेवटचं पान काढलं आणि तिसऱ्या हाताच्या ओळीत तिच्याकडून नाव लिहून घेतलं, गाव आणि साल घालायला लावलं. दिशाने विचारलं, यात पेन्सिलीने लिहिलं तर चालेल का. “लिव,” म्हणाल्या. “जा काय नाय समजला ता पयला लिव.”

तुमच्या लाल ओळीकडे मला बघवेना. माझ्या पर्समध्ये खोडरबर होतं, शाईचं. म्हटलं, ताई, हे घासून काढू का. त्यांनी पुस्तक माझ्या हातातून ओढून घेतलं.

“नाय गो. ऱ्हाऊ दे ता. सर परत इसरले तर दाखवायला पायजे.”

मृणाली